मैदान एक, वह्या दोन

दर वर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी पिट्सबर्ग शहराच्या ओकलंड भागात, विद्यापीठाच्या इमारतींमध्ये उरलेल्या एका जुन्या विटांच्या भिंतीपाशी लोक जमतात. घडीच्या खुर्च्या, सोबत आणलेली कॉफी, काहींच्या अंगावर जुन्या धाटणीचे बेसबॉलचे सदरे. कुणीतरी ध्वनिमुद्रण लावतं आणि १९६० सालच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना रेडिओच्या आवाजात पुन्हा सुरू होतो. निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरी न्यूयॉर्कचे यांकीज पुढे गेले की चेहरे उतरतात. मुद्रण अशा बेतानं लावलेलं असतं, की दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी, म्हणजे मूळ सामन्यात बिल मॅझरॉस्कीनं चेंडू भिंतीपलीकडे धाडला त्याच मिनिटाला, इथेही जल्लोष व्हावा. १९८५ साली एक गृहस्थ एकटाच टेप घेऊन इथे येऊन बसला, तिथून ही प्रथा पडली.

ही भिंत फोर्ब्स फील्ड या मैदानाची. १९०९ साली बांधलेलं हे मैदान १९७०पर्यंत पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचं घर होतं. मैदान पाडलं, भिंतीचा काही भाग राखला. फलंदाज जिथे उभा राहतो ती पाटी, म्हणजे होम प्लेट, आता विद्यापीठाच्या एका इमारतीत जमिनीत काचेखाली ठेवलेली आहे. विद्यार्थी वर्गाला जाता जाता तिच्यावरून चालत जातात.

नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं मी त्या शहरात होतो. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला बेसबॉल सुरुवातीला अर्धवट ओळखीच्या भाषेसारखा वाटतो. शब्द कळतात, बोलणं कळत नाही. मला खेळापेक्षा त्या भिंतीपाशी जमणाऱ्या माणसांचं कुतूहल जास्त होतं. एखादा संघ आपल्या जुन्या गड्यांना कसा आठवतो, हे कोण ठरवतं, या प्रश्नामागे मी लागलो तो तिथून. उत्तर शोधताना लक्षात आलं, की एकाच मैदानावर खेळलेल्या माणसांच्या दोन वेगवेगळ्या वह्या होत्या आणि त्यांतली एक फार काळ कुणी उघडलीच नव्हती.

आधी उघड्या वहीविषयी. संघाचा इतिहास १८८०च्या दशकात सुरू होतो. दुसऱ्या संघानं गमावलेला एक खेळाडू पिट्सबर्गनं पटकावला, तेव्हा प्रतिपक्षानं ही चाचेगिरी असल्याची ओरड केली. पिट्सबर्गकरांनी ती शिवी उचलून नाव म्हणून लावली. १८९१पासून ते पायरेट्स, म्हणजे चाचे. त्यांचा पहिला मोठा नायक होनस वॅग्नर हा जर्मन स्थलांतरित घरातला, कोळशाच्या खाणीत काम केलेला मुलगा. आठ वेळा तो लीगचा सरासरीतला अव्वल फलंदाज ठरला. १९३६ साली बेसबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाचांत तो होता. आज मात्र त्याचं नाव बहुतेकांच्या कानावर येतं ते सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या एका चित्रपत्त्यामुळे. त्याच्या पत्त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या आहेत आणि २०२२ साली त्यांतली एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. आठवण ठेवण्याचा हाही एक प्रकार, पण त्यात वॅग्नर किती आणि पुठ्ठा किती, हे मला सांगता येणार नाही.

पुन्हा १९६०कडे येऊ. त्या मालिकेत यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या आणि पिट्सबर्गनं २७, तरी चार सामने पिट्सबर्गनं जिंकले. शेवटचा १०-९ असा. नवव्या डावाच्या उत्तरार्धात बरोबरी असताना मॅझरॉस्कीनं होमरन मारला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होमरननं तिथल्या तिथे संपल्याचं उदाहरण आजही हे एकच आहे. गंमत अशी, की मॅझरॉस्की मूळचा क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेला. २००१ साली हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सत्कार झाला तेव्हा त्याला रडू आवरेना. भाषण अर्धवट टाकून तो खाली बसला.

या सामन्याचं पूर्ण चित्रीकरण हरवलं असं अनेक वर्षं समजलं जात होतं. पायरेट्सच्या मालकीत गायक बिंग क्रॉसबीचा वाटा होता. आपण पाहिलं तर संघ हरेल या धास्तीनं तो त्या दिवशी पॅरिसमध्ये होता आणि सामना फिल्मवर उतरवून ठेवण्याची व्यवस्था त्यानं केली होती. ती रिळं २००९च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घरी, वाइन ठेवण्याच्या तळघरात सापडली. थंडाव्यामुळे टिकली होती.

फिल्म पाहताना माझं लक्ष नवव्या डावापेक्षा आठव्यावर खिळलं. पिट्सबर्ग मागे होतं, दोन गडी बाद झालेले. एका फलंदाजानं पहिल्या बेसच्या दिशेनं एक हळू, घरंगळता चेंडू मारला आणि जीव तोडून धावला. यांकीजचा पिचर बेसपाशी वेळेत पोचला नाही. डाव जिवंत राहिला आणि पुढच्याच फलंदाजानं, हॅल स्मिथनं, तीन धावांचा होमरन मारला. हा फटका नसता तर मॅझरॉस्कीची पाळी त्या रूपात आलीच नसती. भिंतीपाशी स्मिथचं नाव निघतं, पण जल्लोष राखून ठेवलेला असतो मॅझरॉस्कीसाठी. आणि तो घरंगळता चेंडू मारणारा होता रॉबर्तो क्लेमेंते.

प्वेर्तो रिकोतल्या कारोलिना गावचा हा मुलगा १९५५ साली पायरेट्सकडे आला. त्वचेचा रंग काळा, भाषा स्पॅनिश. त्याचं तुटकं इंग्रजी वार्ताहर उच्चारासकट छापत, म्हणजे वाचणाऱ्याला हसू यावं. दुखापतीची तक्रार केली की तो कामचुकार ठरे. साठच्या दशकातल्या चित्रपत्त्यांवर त्याचं नाव ‘बॉब’ असं छापलेलं दिसतं, आणि ते त्याला आवडत नसे. १९६०च्या मालिकेतल्या सातही सामन्यांत त्यानं हिट मारला होता, तरी त्या हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला. हे शल्य त्यानं कधी लपवलं नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. चार वेळा सरासरीत अव्वल, बारा वेळा क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह, १९७१च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. ३० सप्टेंबर १९७२ला त्यानं नियमित हंगामांतला ३०००वा हिट मारला. तो शेवटचा ठरला. त्याच डिसेंबरात निकाराग्वातलं मानाग्वा शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं. पाठवलेली मदत तिथले सैनिक हडप करतात हे कळल्यावर क्लेमेंते स्वतः निघाला. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून उडालेलं जुनं, अतिभारानं वाकलेलं विमान समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही. पिट्सबर्गचा कॅचर मॅनी सांगीयेन मित्राच्या शोकसभेला गेला नाही. तो शोध घेणाऱ्यांबरोबर समुद्रात बुड्या मारत होता.

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम बाजूला ठेवून १९७३ साली क्लेमेंतेला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ताम्रपटावर नाव कोरलं ‘रॉबर्तो वॉकर क्लेमेंते’. स्पॅनिश रीतीप्रमाणे वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं नंतर, म्हणजे ‘क्लेमेंते वॉकर’. ‘वॉकर’ हे त्याच्या आईचं माहेर. ताम्रपट दुरुस्त व्हायला २००० साल उजाडलं. आयुष्यभर नाव नीट घ्या म्हणून सांगणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या गौरवाच्या पाटीवर सत्तावीस वर्षं चुकीचं होतं.

आता दुसरी वही. पायरेट्स बाहेरगावी गेले, की फोर्ब्स फील्डवर होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ खेळे. गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये त्यांना प्रवेश नव्हता म्हणून त्यांच्या लीग वेगळ्या. तेव्हाचं नाव निग्रो लीग. मैदान भाड्यानं मिळे, कपडे बदलायच्या खोल्या मिळत नसत. शहरातल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय संघाचा, क्रॉफर्ड्सचा, मालक गस ग्रीनली याला हे इतकं झोंबलं, की त्यानं १९३२ साली स्वतःचं मैदान बांधलं. आपल्याकडच्या वाचकाला इथे पालवणकर बाळू आठवेल. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज. मैदानावर हिंदूंचा तारणहार आणि चहाच्या वेळी तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा पिणारा.

ग्रेज आणि क्रॉफर्ड्स दोन्हींकडून खेळलेला जॉश गिब्सन हा त्या काळचा सर्वांत भयंकर फलंदाज. वडील पोलाद कारखान्यात कामाला आले म्हणून कुटुंब जॉर्जियातून पिट्सबर्गला आलं. १९३०मध्ये, अठराव्या वर्षी, तो ग्रेजकडून खेळू लागला. त्याच वर्षी जुळ्यांच्या बाळंतपणात त्याची बायको वारली. पायरेट्सच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर हा माणूस दीड दशक खेळत होता. १९४२ साली पायरेट्सनी कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्याचं मान्य केलं, ती कधी झालीच नाही. २० जानेवारी १९४७ला, पस्तिसाव्या वर्षी, गिब्सन मेला. तीन महिन्यांच्या आत जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला. गिब्सनला १९७२ साली हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हाही पिट्सबर्गच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर दगड नव्हता. तो पुढे काही वर्षांनी बसला.

गिब्सनच्या ताम्रपटावर जवळजवळ ८०० होमरन असं लिहिलेलं आहे. आजच्या अधिकृत हिशोबात ते दोनशेच्या आत आहेत. यात कुणी खोटं बोललेलं नाही. कृष्णवर्णीय संघ पोटासाठी गावोगाव फिरून कारखान्यांच्या संघांशी, गावठी संघांशी वर्षभर खेळत. ते फटके लोकांच्या आठवणीत राहिले, लीगच्या हिशोबात येत नाहीत. मात्र २०२४च्या मे महिन्यात मेजर लीगनं १९२० ते १९४८ या काळातल्या कृष्णवर्णीय लीगची आकडेवारी आपल्या वहीत घेतली. दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडू त्यामुळे एका दिवसात मेजर लीगचे झाले. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ भरली, म्हणजे हजार पाळ्यांमागे ३७२ हिट. टाय कॉबला मागे सारून तो सर्वकालीन यादीत पहिला आला, मृत्यूनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

हे आकडे आले कुठून, हा मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. संघांची कागदपत्रं तुटपुंजी होती. सामन्यांचे तक्ते छापले ते कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांनी आणि त्यांत पिट्सबर्गच्या ‘कुरियर’चं स्थान मोठं. वाचनालयात मी या साप्ताहिकाची मायक्रोफिल्म चाळली आहे. लग्नं, चर्चच्या सभा, नोकरीतल्या अन्यायाच्या बातम्या आणि क्रीडापानावर बारीक टायपात ग्रेजचा तक्ता. कधी तक्ता अपुरा, कधी नुसता निकाल. त्याचा वार्ताहर वेंडेल स्मिथ यानं १९३९मध्ये पिट्सबर्गच्या शेन्ली हॉटेलात उतरणाऱ्या गोऱ्या खेळाडूंना गाठून विचारलं, की कृष्णवर्णीयांबरोबर खेळायला तुमची हरकत आहे का. बहुतेकांनी नाही म्हटलं. गोरे खेळाडूच तयार नाहीत, ही मालकांची सबब त्यानं छापून खोटी पाडली. पुढे ब्रुकलिनच्या ब्रँच रिकीला रॉबिन्सनचं नाव सुचवणाराही तोच. हेच रिकी नंतर पिट्सबर्गला आले आणि त्यांच्या कारकिर्दीतच क्लेमेंतेला ब्रुकलिनकडून हिसकावून घेण्यात आलं. दोन्ही वह्या एकमेकींना चिकटतात त्या इथे.

वर्तमानपत्र नसलं तर काय होतं, याचंही उदाहरण याच संघात आहे. १ सप्टेंबर १९७१ला फिलाडेल्फियाविरुद्ध पायरेट्सनी मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन काळे होते. क्लेमेंते, विली स्टारजेल, सांगीयेन, अल ऑलिव्हर, पिचर डॉक एलिस त्यांत होते. मेजर लीगच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. प्रशिक्षक डॅनी मर्टा यांनी आपण फक्त नऊ चांगले खेळाडू निवडले अशी भूमिका घेतली. खुद्द खेळाडूंच्या ध्यानात ही गोष्ट खेळ सुरू झाल्यावर आली. प्रेक्षक अकरा हजारांच्या आसपास. सामना पिट्सबर्गनं १०-७ जिंकला आणि दुसऱ्या दिवशी शहरात त्याबद्दल छापून आलं नाही, कारण पिट्सबर्गच्या दोन्ही दैनिकांत संप चालू होता. ही घटना टिकली ती बाहेरगावच्या बातमीदारांमुळे आणि ऑलिव्हरसारख्या खेळाडूंनी पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे.

संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण, यावर मात्र आजही एकमत नाही. संघाच्या लेखी तो कर्ट रॉबर्ट्स, पदार्पण १९५४, पहिल्याच पाळीत थेट तिसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका. पण आदल्या वर्षी प्वेर्तो रिकोचा कार्लोस बर्निअर खेळला होता. तोही काळा होता. लॅटिन म्हणून त्याची गणना दुसऱ्या रकान्यात झाली. मला विचाराल तर मान बर्निअरचा आहे. त्याला हिणवणाऱ्या प्रेक्षकांनी त्याचा पासपोर्ट पाहिला नव्हता.

संघाची आजची करणी सरळ रेषेत जात नाही. २००१ साली उघडलेल्या नव्या मैदानात राइट फील्डची भिंत २१ फूट उंच ठेवली, कारण क्लेमेंतेचा क्रमांक २१. शेजारच्या पुलाला त्याचंच नाव आहे. २००६ साली प्रवेशद्वारापाशी गिब्सनसह सात कृष्णवर्णीय खेळाडूंचे पुतळे बसवले. २०१५ साली ते काढले आणि लिलावात विकले, पैसे गिब्सनच्या नावानं चालणाऱ्या संस्थेला दिले. २०२२ साली संघानं स्वतःचं हॉल ऑफ फेम काढलं. पहिल्या एकोणीस जणांत गिब्सन, बक लेनर्ड, ऑस्कर चार्ल्स्टन आणि रे ब्राउन हे ग्रेज-क्रॉफर्ड्सचे चौघे होते. पायरेट्सकडून एकही सामना न खेळलेले. रॉबर्ट्स आणि बर्निअर त्या एकोणिसांत नाहीत. आणि २०२५च्या हंगामाच्या सुरुवातीला प्रेक्षक मैदानात आले, तर त्या २१ फुटी भिंतीवरचं क्लेमेंतेच्या क्रमांकाचं चिन्ह काढून तिथे एका मद्यपेयाची जाहिरात लावलेली. क्लेमेंतेच्या घरच्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, लोक खवळले. संघानं माफी मागितली, जाहिरात उतरवली आणि २१चा आकडा परत बसवला.