हिवाळ्यातील नदीमासेमारी (नांदेड व लातूर)

नांदेड व लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांत माघाच्या सुमारास, म्हणजे साधारणपणे जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर, नद्यांमध्ये व नद्यांवरील बंधाऱ्यांच्या पाण्यात जी मासेमारी होते, तिला हिवाळ्यातील नदीमासेमारी म्हणता येईल. या काळात प्रवाह मंदावलेला, पाणी निवळलेले आणि थंड असते. मासे थोड्या खोल जागी एकवटतात, कमी खातात व कमी हालचाल करतात. त्यामुळे मासा कोठे आहे हे ओळखणे हा या मासेमारीचा मुख्य भाग ठरतो. याच खोल जागांतील मासे पुढचा उन्हाळा तग धरून पावसाळ्यात प्रजनन करतात. म्हणून हिवाळ्यातील मासेमारीचा प्रश्न माशांच्या संवर्धनाशी थेट जोडलेला आहे.

## नद्या व जलसाठे

नांदेड जिल्ह्यातील प्रमुख नदी गोदावरी असून ती जिल्ह्यातून सर्वसाधारणपणे पूर्वेकडे वाहते. नांदेड शहर तिच्या उत्तर काठावर वसलेले आहे. शहराजवळ आसना नदी गोदावरीला मिळते. गोदावरीवर विष्णुपुरी, अंतेश्वर, आमदुरा, बळेगाव व बाभळी येथे पाणी अडवलेले आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेकडून पैनगंगा वाहते.

लातूर जिल्ह्याची मुख्य नदी मांजरा होय. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावून ती लातूर जिल्ह्यात येते. तेथून ती कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातून व तेलंगणातून वाहते, नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर पुन्हा येते आणि तेलंगणातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. तेरणा, मन्याड व लेंडी या तिच्या उपनद्या आहेत. मांजरेवर धनेगाव येथे धरण असून त्याखाली लातूर जिल्ह्यात साई, नागझरी यांसारखे बंधारे आहेत. मन्याडवर लिंबोटी व बारूळ येथे धरणे आहेत.

या नद्या पावसावर अवलंबून आहेत. पावसाळा संपल्यावर प्रवाह झपाट्याने घटतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस नदीचे पात्र म्हणजे सलग वाहणारे पाणी न राहता डोहांची व बंधाऱ्यांमागील फुगवट्यांची साखळी बनते. दोन डोहांमधील उथळ भाग अनेकदा घोटाभर पाण्याचा किंवा कोरडा असतो. मासे त्या त्या साठ्यात अडकून पडतात.

## थंडीचा माशांवर परिणाम

मासे शीतरक्ताचे असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी थंड झाले की पचन मंदावते, भूक कमी होते व पोहण्याचा वेगही घटतो. कटला, रोहू व मृगळ यांची वाढ साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात उत्तम होते. त्याखाली त्यांचे खाणे हळूहळू कमी होत जाते.

मराठवाड्यातील पाणी गोठण्याच्या जवळपासही जात नाही. तथापि येथे रात्र व दुपार यांच्या तापमानात मोठा फरक असतो. पहाटे गारठलेला काठ दुपारी चांगलाच तापतो. उथळ पाणी या चढउताराबरोबर लवकर थंड व लवकर गरम होते, खोल पाण्याचे तापमान मात्र संथपणे बदलते. त्यामुळे मासे रात्री व सकाळी खोल पाण्यात राहतात आणि दुपारी उन्हाने तापलेल्या कडेच्या पाण्याकडे सरकतात. लातूर शहर नांदेडपेक्षा उंचावर असल्याने तेथील रात्री अधिक गार असतात.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. म्हणून हिवाळ्यात डोहाच्या तळाशीही बहुधा माशांना पुरेसा प्राणवायू मिळतो. उन्हाळ्यात पाणी तापले व आटले की हीच स्थिती उलट होते.

## प्रमुख मासे

'''कटला, रोहू व मृगळ''' या माशांचे बीज जलाशयांत व बंधाऱ्यांत मोठ्या प्रमाणावर सोडले जाते. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो. थंडीत तिघेही खोल भागाकडे उतरतात. तळातील गाळ उकरणाऱ्या मृगळामुळे पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग उठते. ती जाणकारांच्या लगेच लक्षात येते.

'''मरळ''' हा शिकारी मासा असून त्याला डोक्यात हवेतील प्राणवायू घेण्याचे खास इंद्रिय असते. श्वासासाठी त्याला अधूनमधून पृष्ठभागावर यावे लागते. पाणी थंड असताना त्याची प्राणवायूची गरज घटते आणि तो वर येण्याचे प्रमाणही कमी होते. तो काठालगतच्या पाणवनस्पतींत, बुडालेल्या झुडपांत व कपारींत दबा धरून राहतो. शेजारच्या तेलंगणाने २०१६ मध्ये मरळीला राज्यमाशाचा दर्जा दिला.

'''वाम''' हा सापासारखा लांबट मासा दिवसा दगडांच्या फटींत लपतो व रात्री भक्ष्य शोधतो. '''शिंगाळा''' हा मिशा असलेला, बिनखवल्यांचा मासा खोल पाण्याच्या तळाशी असतो. वॉलागो अट्टू हा मोठ्या तोंडाचा शिकारी मासाही डोहांत राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत त्याची नोंद असुरक्षित जातींमध्ये आहे.

'''तिलापिया''', ज्याला बोलीत चिलापी म्हणतात, हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याला थंडी विशेष मानवत नाही. दुपारी तो उबदार कडेला थव्याने दिसतो.

## मासे शोधण्याची पद्धत

'''डोह.''' नदीच्या वळणाचा बाहेरचा काठ प्रवाहामुळे खचतो व तेथे खोली निर्माण होते. पुलाच्या खांबांभोवती, दोन प्रवाहांच्या संगमाखाली व खडकाच्या पायरीखालीही डोह असतो. दोरीला शिशाचा तुकडा बांधून ती सोडली असता खोली कळते. शिशावर चिकटलेल्या गाळावरून किंवा वाळूवरून तळाचा अंदाज येतो.

'''उताराची कड.''' उथळ पात्र जेथे एकदम खोल होते, ती कड महत्त्वाची असते. माशाला थोडेच अंतर कापून उबेकडे किंवा खोलीकडे जाता येते. थंडीत मासा लांबचा प्रवास टाळतो.

'''ऊन लागणारा काठ.''' हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता असतो. पूर्वेकडे वाहणाऱ्या गोदावरीचा उत्तर काठ दक्षिणाभिमुख असल्याने त्याला अधिक ऊन मिळते. उंच दक्षिण काठाची सावली मात्र पाण्यावर बराच वेळ राहते. काळा बेसाल्ट खडक उष्णता शोषून घेतो, त्यामुळे खडकाळ काठालगतचे पाणी दुपारी थोडे अधिक उबदार होते.

'''वाऱ्याचा आडोसा.''' गार वारा पृष्ठभागाचे पाणी थंड करतो. बंधाऱ्याची भिंत, उंच दरड किंवा बाभळीची दाट रांग यांच्या आडोशाचे पाणी अधिक स्थिर असते.

'''पक्षी.''' पाणकावळ्यांचा थवा एकाच जागी बुड्या मारत असेल, तर तेथे लहान माशांचा थवा असतो. लहान माशांमागे मोठे मासे येतात. खंड्या व बगळा उथळ कडेची माहिती देतात.

उन्हाळ्यात पहाट व संध्याकाळ अनुकूल मानली जाते. हिवाळ्याच्या अखेरीस साधारणपणे सकाळी अकरा ते दुपारी चार हा काळ बरा ठरतो. सलग दोन-तीन दिवस ऊन पडून वारा शांत राहिल्यास मासे अधिक हालचाल करतात. थंडीची लाट आल्यावर पहिले एक-दोन दिवस ते जवळजवळ खातच नाहीत.

## साधने व आमिष

गळाने मासेमारी करताना थंडीत लहान गळ, बारीक दोरी व थोडेच आमिष वापरले जाते. पाणी निवळलेले असल्याने जाड दोरी माशाला दिसते. रोहू व मृगळासाठी कणकेचा गोळा किंवा गांडूळ, तर मरळ व शिंगाळ्यासाठी लहान मासा किंवा झिंगा लावतात. आमिष तळापासून थोडे वर, जवळपास स्थिर ठेवणे उपयुक्त असते, कारण मंदावलेला मासा पळत्या भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. माशाचे तोंड लागणेही हलके असते. तरंगणारे बूच बुडत नाही, ते नुसते किंचित कलते किंवा बाजूला सरकते.

भोई व कोळी समाजातील पारंपरिक मच्छीमार प्रामुख्याने जाळ्यांनी मासेमारी करतात. फेकण्याचे जाळे उथळ कडेला, तर पाण्यात उभे लावायचे जाळे खोल भागात वापरतात. मासे कमी फिरत असल्याने हिवाळ्यात उभे जाळे डोहाच्या कडेने रात्रभर ठेवले जाते. जाळ्याच्या फासाचा आकार मोठा असेल तर लहान मासे निसटून जातात. बारीक फासाच्या जाळ्यात मात्र एकवटलेला संपूर्ण थवा सापडू शकतो.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची परवानगी घेणे आवश्यक असते. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ नुसार बंदी घालण्यात आली होती.

## पाण्याचे नियोजन व सुरक्षितता

हिवाळ्यातील पाणीपातळी पावसापेक्षा धरणांच्या व्यवस्थापनावर अवलंबून असते. रब्बी पिकांसाठी सोडलेल्या आवर्तनामुळे पात्रातील पाणी एका रात्रीत वाढू शकते. उपशामुळे ते तितक्याच लवकर उतरते. पातळी उतरू लागली की मासे कडेचे पाणी सोडून खोल भागाकडे जातात.

धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधारा हे याचे ठळक उदाहरण होय. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या बाजूस सोडावे लागते. म्हणजे हिवाळ्यातील मासेमारीचा हंगाम संपत असतानाच येथील साठा घटतो व बंधाऱ्याखालील प्रवाह वाढतो. अशा वेळी दरवाजांच्या खालच्या पात्रात उतरणे धोक्याचे असते.

वाळू उपशामुळे पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालताना अचानक खोल पाणी लागू शकते. थर्माकोलचे तराफे सहज उलटतात. काठावरील शेतीपंपांच्या विजेच्या तारांपासूनही दूर राहावे.

## हिवाळ्यातील व्रणरोग

पाणी थंड असताना माशांच्या अंगावर लाल डाग व खोल जखमा करणारा साथीचा व्रणरोग आढळतो. तो बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो. भारतात त्याचा प्रादुर्भाव १९८८ मध्ये ईशान्येकडील राज्यांत प्रथम झाला व नंतर तो इतरत्र पसरला. मरळ या रोगाला विशेष बळी पडते. जखमा असलेला मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नये, आमिष म्हणून वापरू नये, तसेच वापरलेले जाळे दुसऱ्या साठ्यात नेण्यापूर्वी उन्हात पूर्ण वाळवावे.

## शीत प्रदेशांशी तुलना

उत्तर अमेरिकेतील क्रॅपी हा मासा भारतात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तेथेही हिवाळ्याच्या अखेरीस तो संथ व खोल पाण्यात थव्याने राहतो आणि अतिशय हलके आमिष घेतो. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्यामुळे वर बर्फ असला तरी तळाचे पाणी द्रवरूप राहते व माशांना आश्रय देते.

दोन्ही प्रदेशांतील फरक प्रजननाच्या काळात आहे. क्रॅपी वसंतात, पाणी सुमारे १६ ते २० अंशांपर्यंत तापल्यावर अंडी घालतो. थंडी ओसरताच त्याची कसोटी संपते. मराठवाड्यातील कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यातील पुराच्या पाण्यात प्रजनन करतात. थंडी संपल्यावर त्यांना मार्च ते मे हा आटत्या पाण्याचा काळ काढावा लागतो आणि येथील खरी कसोटी तीच असते.

## डोह व संवर्धन

फेब्रुवारीतील डोहात असलेले मोठे मासे हे जुलैतील प्रजननाचे भांडवल असते. मासे एकवटलेले व सुस्त असल्याने एका डोहातील बहुतेक मासे थोड्या दिवसांत पकडता येतात. नदी तुटक झाल्यामुळे बाहेरून नवे मासे येऊन ती जागा भरत नाहीत. वाळू उपशाने मूळ डोहाचा आकार बिघडतो आणि पाणी उपशाने तो लवकर आटतो.

२०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले व पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात पोहोचली. जेथे माणसांना पिण्याचे पाणी उरत नाही, तेथे नदीतील माशांचा आधारही संपतो. अशा वर्षानंतर पाणी भरले तरी मासे आपोआप येत नाहीत आणि मत्स्यबीज सोडावे लागते. बीज सोडताना प्रामुख्याने कटला, रोहू व मृगळ यांसारख्या विक्रीयोग्य जाती निवडल्या जातात. वाम, शिंगाळा यांसारखे नदीचे मूळ रहिवासी मात्र टिकून राहिलेल्या एखाद्या डोहातूनच पुन्हा पसरू शकतात.

या कारणांमुळे हिवाळ्यात पुढील दक्षता उपयुक्त ठरते: प्रत्येक पट्ट्यातील सर्वांत खोल डोहात जाळे न लावणे, मोठ्या फासाची जाळी वापरणे, प्रजननक्षम मोठे मासे काही प्रमाणात परत सोडणे आणि डोह आटू लागल्यास त्यातील मासे लगतच्या मोठ्या पाण्यात हलवणे. गळाला लागलेला मासा सोडायचा असल्यास ओल्या हाताने धरून लवकर सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो व जखमेवाटे रोग शिरतो.