नोकरी परगावी, बिऱ्हाड कोठे?

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेवर वैराग हे जुन्या बाजारपेठेचे गाव आहे. आगगाडीने या गावाला दोन वेळा वळसा घातला. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला, तो कुर्डुवाडी-मोहोळच्या बाजूने. पुढे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली, ती वाढत गेली येडशी, ढोकी, लातूर या दिशेला. वैराग आपले सडकेवरच राहिले. त्यामुळे येथून चाकरीसाठी बाहेर पडणाऱ्या माणसापुढे वेशीवरच वाटा फुटत: एक बार्शीची, दुसरी सोलापूरची, आणि पूर्वेकडे, १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्याची. कोणतीही वाट धरली तरी घरातील वडीलधारी माणसे पगाराच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारणारच: बिऱ्हाड कोठे करणार?

प्रश्न किरकोळ वाटतो. गिरणी कोणी काढली, रूळ कोणी टाकले, याची नोंद इतिहासात सापडते. कामावर रुजू झालेल्या माणसाने पहिल्या रात्री आपली पथारी कोठे पसरली, याची नोंद क्वचितच असते. वस्तुतः पगार किती हे धनी ठरवी. त्यातून उरणार किती, बायकामुले बरोबर राहणार की गावी, आणि शेजार कोणाचा लाभणार, हे बिऱ्हाड ठरवी. हे बिऱ्हाड नोकरी करणारा आपल्या पसंतीने निवडतो अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या दीडशे वर्षांचा या भागाचा व्यवहार पाहू गेल्यास ती फारशी टिकत नाही.

प्रथम सर्वांत जवळची गोष्ट घ्यावी. वैरागच्या पूर्वेस काही कोसांवर इंग्रजी मुलूख संपे आणि मोगलाई लागे. लोक निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणत. तिकडे पगार हाली शिक्क्याच्या रुपयांत मिळे, आणि सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी रुपये असा भाव असे. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचेही माध्यम उर्दूच ठरले. तेव्हा तिकडे चाकरी पत्करणाऱ्या मराठी कुटुंबापुढे मुलांच्या शिक्षणाचा पेच उभा राही. पुरुषाने नोकरीच्या गावी खोली घ्यावी आणि मुलांना बार्शीच्या शाळेसाठी हद्दीच्या अलीकडे ठेवावे, हा त्यावरचा एक उपाय. मात्र त्यात दोन चुली आल्या आणि दोन चुलींचा खर्च आला. १९४८ च्या सप्टेंबरात ती हद्दच मोडली आणि हा हिशेबही मागे पडला.

कुर्डुवाडीच्या वाटेने जाणाऱ्यास निवडीचा त्रास नव्हता. बार्शी लाइट रेल्वेचा कारखाना तेथे होता आणि रेल्वेच्या चाकरीबरोबर कंपनीचे क्वार्टर मिळण्याची आशा असे. अशा घराचा गुण आणि दोष एकच. ते चाकरीबरोबर येते आणि चाकरीबरोबर जाते. १९५४ साली ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. मालक बदलला, हा नियम बदलला नाही.

सोलापूरची हकीकत याहून बरीच गुंतागुंतीची आहे. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी तेथे कापडाची गिरणी काढली. लोक तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या आल्या आणि आसपासच्या तालुक्यांतील माणूस, विशेषतः पाऊस हुकला की, सोलापूरची वाट धरू लागला. त्याच्या बिऱ्हाडाची जागा मुख्यतः गिरणीच्या भोंग्याने ठरविली. १९२२ च्या कायद्याने प्रौढ कामगारास दिवसाला अकरा तास आणि आठवड्याला साठ तास ही मर्यादा घातली; त्यापूर्वी ती याहून सैल होती. अकरा तासांचे काम, मधली सुट्टी, आणि त्यावर पायी जाण्यायेण्याचा एक-एक तास धरला तर चौदा तास घराबाहेर गेले. जो स्वस्त खोलीसाठी लांब जाई, तो भाड्याचे वाचविलेले पैसे झोपेतून फेडी. म्हणून गिरण्यांच्या आसपास जी दाटी झाली ती अडाणीपणाची मानणे योग्य नव्हे. तीमागे अगदी चोख गणित होते.

शहराच्या पूर्वेकडील भागाचे गणित मात्र निराळे. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे तेथे वसली. यांच्या घराला केवळ निजण्यापुरती जागा असून भागत नव्हते. माग मांडण्यास लांबरुंद खोली हवी, ताणा पसरण्यास अंगण नाहीतर रस्ता हवा, आणि उकलणे-भरणे करण्यास घरातील बायकामुलांचे हात हवेत. पुढे विडीचा धंदा आला तेव्हा पाने घरी आणून कापण्याचे व विड्या वळण्याचे काम बहुतांशी बायकांनीच उचलले. अशा वस्तीत घर शोधणारा आपल्या एकट्याच्या नोकरीचा विचार करीत नसे; या गल्लीत घरच्या बाईच्या हाताला काम मिळेल काय, हेही तो पाही. पुरुषाला कोठे नोकरी लागली यावरून कुटुंबाची जागा ठरते, असे जे सरसकट लिहिले जाते, ते लिहिणाऱ्यांनी सोलापूरच्या या पेठा पाहिलेल्या नसाव्यात.

बाईच्या कामाचा हा मुद्दा अजून शिळा झालेला नाही. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत पुरी झाली आणि तिला गोदावरी परुळेकरांचे नाव देण्यात आले. इतकी घरे विडी वळणाऱ्या बायकांच्या नावाने उभी राहिली, हे या शहराच्या घडणीला धरूनच झाले.

सोलापुरातही जम बसला नाही, म्हणजे मुंबई. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या लोकसंख्येपैकी शेकडा चौऱ्याऐंशी माणसे मुंबईबाहेर जन्मलेली आढळली. इतकी परकी वस्ती राहिली कशी, याचे उत्तर गिरणगावातील गाळ्यांत आहे. एका गावचे वा एका वाडीचे पुरुष मिळून एक खोली घेत; पाळ्या निराळ्या असल्याने एक उठे तेव्हा दुसरा त्याच जागी आडवा होई; जेवण खानावळीत. नव्याने येणाऱ्यास खोली शोधावी लागतच नसे. गावाहून निघताना त्याच्यापाशी गाववाल्याचा पत्ता असे, आणि तोच गाववाला त्याला मुकादमापुढे उभा करी. याच सुमारास सरकारच्या कामगार कचेरीने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा शेकडा सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहात असल्याचे दिसून आले.

या दाटीवर सरकारने काढलेला तोडगा मोठा बोधप्रद आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट खाते उघडण्यात आले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. म्हणजे बार्शीच्या बाजारातून मुंबईस गेलेल्या कापसानेही या खोल्यांना आपला हातभार लावला. नायगाव, डिलाईल रोड, वरळी आणि शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. खोल्यांची संख्या मात्र सोळा हजारांच्या आसपासच थांबली. आणि त्यांपैकी कित्येक, विशेषतः वरळीच्या, रिकाम्या पडून राहिल्या!

ज्या शहरात माणसे पाळीपाळीने निजत होती त्या शहरात पक्क्या खोल्यांना भाडेकरू मिळेना, याचे अधिकाऱ्यांना नवल वाटले असेल. कामगारांच्या दृष्टीने त्यात नवल करण्यासारखे काही नव्हते. वरळी तेव्हा आडबाजूला. गिरणी दूर, बाजार दूर, उधार देणारा वाणी तेथे नाही. खिडक्यांच्या जागी काँक्रीटच्या जाळ्या बसविलेल्या. भाडे जुन्या चाळीपेक्षा जड. शिवाय सर्वांत मोठी अडचण अशी, की गाववाला शेजारी नाही. आजारपणात कोण पाहील, काम सुटले तर महिनाभर कोण खाऊ घालील, याचे उत्तर नकाशा आखणाऱ्यांपाशी नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळी सत्याग्रही कैद्यांना ठेवण्यासाठी वापरल्या गेल्या. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत आधी तुरुंग नांदला, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. त्या चाळी भरल्या त्या पुढे, शहर वाढत वाढत वरळीपर्यंत येऊन पोहोचले तेव्हा.

येथवर ज्यांची हकीकत झाली त्यांना निदान गाववाल्याचा, जातभाईचा किंवा कंपनीचा आधार होता. तो नसला, किंवा जातीनेच दारे लावून घेतली, म्हणजे विद्या आणि हुद्दा यांचाही काही उपयोग होत नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण बडोद्याचे आहे.

भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले. कोलंबिया विद्यापीठ आणि नंतर लंडन येथील अभ्यास अर्धवट टाकून, कराराप्रमाणे दरबारची चाकरी करण्यासाठी ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास रुजू झाले. हुद्दा होता, पगार होता. प्रश्न राहिला तो वैरागच्या वेशीवरचाच. हिंदू खाणावळ अस्पृश्याला घेणार नाही हे उघड होते. त्यांनी एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, दररोजच्या ठरलेल्या आकारावर जागा मिळविली. वरच्या मजल्यावरील त्या अडगळीच्या जागेत मिणमिणत्या कंदिलापाशी ते रात्री वाचीत बसत. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, परंतु तो लांबणीवर पडला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा घोळका जिन्याने वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद देऊन गेला. त्यांनी एका हिंदू मित्राकडे विचारले. तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्याने पत्नीला विचारून कळवितो म्हटले आणि तेथेही नकारच पदरी आला. आंबेडकर कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही सारी हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. बडोद्याची नोकरी सुटली ती कामामुळे नव्हे. उशाला छप्पर मिळाले नाही, म्हणून.

सात वर्षांनी, १९२४ च्या मे महिन्यात, बार्शीस मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तेथे हेच गृहस्थ बोलावयास उभे होते. वैराग तेथून काही तासांच्या बैलगाडीच्या वाटेवर. त्या मांडवात बसलेल्यांपैकी कित्येकांना गिरणीत काम मिळविण्याइतकीच कामाच्या गावी खोली मिळविणेही जड जात असणार, हे सांगावयास नको.

मुंबईत आंबेडकरांचे बिऱ्हाड अनेक वर्षे परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. परिषदा, खटले, ग्रंथ, वर्तमानपत्र, सारे त्या दोन खोल्यांतून चालले. पुस्तकांची संख्या वाढत गेली तशी जागा अपुरी पडू लागली. तेव्हा त्यांनी दादरला हिंदू कॉलनीत जमीन घेऊन घर बांधले. ते १९३३ च्या सुमारास पुरे झाले. प्राचीन बौद्ध नगरीवरून त्याचे नाव राजगृह ठेवले, आणि बांधणी अशी योजली की वरचा मजला ग्रंथांना मिळावा आणि कुटुंबाने खाली राहावे. हे बिऱ्हाड मात्र त्यांनी स्वतः निवडले, जागेपासून जिन्यापर्यंत. रमाबाईंना त्या घरात फार दिवस राहता आले नाही. २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.