मुलगा १८ वर्षांचा झाला, आता त्याची सही कोण करणार? कायदेशीर पालकत्वाची माहिती

घरातला कर्ता वारला की तलाठ्याकडे वारस नोंद होते. सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी अशी नावं चढतात. त्यातला एखादा भाऊ जन्मापासून बौद्धिक दिव्यांग असतो. गावात त्याला गतिमंद म्हणतात. पुढे वाटणी, पीककर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला असं काही आलं की अडतं, याच्या नावापुढे सही कोणी करायची? बऱ्याच घरांत यावर दोनच उपाय ठाऊक असतात. वारस नोंदीत त्याचं नावच सांगायचं नाही, नाहीतर हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घ्यायचा. दोन्ही उपाय कायद्यात टिकणारे नाहीत.

हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की आजार, व्यंग किंवा दोष यामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. 'त्याला काय कळतंय' हे नाव वगळायचं कारण होऊ शकत नाही. अंगठ्याचंही तसंच. भारतीय करार कायद्याप्रमाणे व्यवहार समजण्याची आणि त्यात आपलं हित कशात आहे हे ठरवण्याची कुवत त्या वेळी नसेल, तर तो करार करायला ती व्यक्ती सक्षम धरली जात नाही. असा दस्त नोंदवला गेला तरी त्याला कोर्टात आव्हान देता येतं. जमीन विकत घेणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

१८ वर्षांनंतर आईबापही आपोआप पालक नाहीत

हे बहुतेक आईवडिलांना बँकेच्या काउंटरवरच कळतं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान. जन्मभर त्याला भरवलं, अंघोळ घातली, तरी त्याच्या वतीने सही करायचा अधिकार तिथे संपतो. तो पुन्हा मिळवायचा तर नेमणूक करून घ्यावी लागते.

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात. कोर्टात दावा लावावा लागत नाही, वकीलही लागत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, दोघांचं आधार, वयाचा व रहिवासाचा पुरावा, फोटो आणि मालमत्ता असल्यास तिचे उतारे एवढी तयारी करून जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. समितीने दिलेलं पालकत्व प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे.

समितीने आधी दोन गोष्टी पाहायच्या असतात. पालकाची खरंच गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामासाठी. त्यामुळे अर्जात 'सगळ्याच कामांसाठी' असं मोघम लिहिण्यापेक्षा बँक खातं, शेतीचा हिस्सा, औषधोपचार असं नेमकं लिहावं.

पालक झाला म्हणजे मालक झाला, असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर-जंगम मालमत्तेची आणि येण्या-देण्याची यादी समितीला द्यावी लागते. नंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालक हेळसांड करत असेल, मारझोड करत असेल किंवा मालमत्ता खात असेल, तर त्याला काढण्यासाठी समितीकडे तक्रार करता येते. हा भाग गावात फारसा कोणाला माहीत नसतो, आणि भाऊबंदकीच्या प्रकरणांत नेमका हाच लागतो.

भाऊच पालक आणि भाऊच हिस्सेदार

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणखी पुढे जातो. कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार पाहण्याचा इतरांएवढाच हक्क आहे. मदत करणाऱ्याचा आणि त्या व्यक्तीचा एखाद्या व्यवहारात हितसंबंध आडवा येत असेल, तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं, असंही तिथे आहे. वाटणीत मोठ्या भावाने धाकट्याच्या वतीने सही करून त्याचा हिस्सा स्वतःच्याच नावावर घेणं, हे याचं घरगुती उदाहरण.

कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा, हा त्याचा गाभा. बाजारहाट स्वतः करणाऱ्या, पैसे मोजता येणाऱ्या माणसाला सगळ्याच बाबतीत पालक कशाला हवा?

मानसिक आजार, विसरभोळेपणा, कोमा

स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार राष्ट्रीय न्यास कायद्यात बसत नाही. उपचारांपुरता मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ उपयोगी पडतो. माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकतो. त्या प्रतिनिधीला जमिनीच्या व्यवहाराचा अधिकार नसतो. त्यासाठी कलम १४ किंवा न्यायालय.

म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत कुलमुखत्यारपत्रावर फार भरवसा ठेवला जातो. पण देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्राचा अधिकारही सर्वसाधारणपणे संपतो, हे करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये आहे. मृत्युपत्र, बँकेतलं वारसाचं नाव, संयुक्त खातं ही कामं शुद्धीत असतानाच उरकावीत. अपघातानंतर कोमात गेलेल्यांसाठी नातेवाइकांना उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत जोडीदाराला किंवा मुलांना पालक नेमलेलं आहे.

कोर्टाची वेळ आलीच तर दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. मात्र समितीकडचा अर्ज आईबाप दोघं हयात असतानाच टाकलेला बरा. ते गेल्यावर अर्ज कोणी करायचा, यावरूनच भावाभावांत पहिलं भांडण लागतं.