घाटरस्त्याचे सारथी

राजे, किल्ले व लढाया यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. बंदरें व रस्ते यांचाही थोडाबहुत लिहिला गेला आहे. परंतु त्या रस्त्यांवरून ज्यांनीं माल वाहिला, त्या माणसांनीं आपली विद्या कोणापाशीं व कशी संपादन केली, हें विचारण्याचें फारसें कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. गुहागरास आमचें जाणें-येणें नेहमीं घडतें. तेथून घाटावर जाणाऱ्या रस्त्याच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटलें.

हा रस्ता गुहागरच्या समुद्रकांठीं निघतो आणि चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड, विटा व जत या मार्गानें थेट विजापुरास पोंचतो. आज त्याला राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाला असला, तरी त्याची दिशा जुनी आहे. गुहागरच्या उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशीं अलीकडे अंजनवेलचा गोपाळगड व पलीकडच्या तीरावर दाभोळ. हें दाभोळ प्रथम बहामनी व पुढें आदिलशाही राज्याचें मोठें बंदर होतें. अरबस्तानांतून आलेले घोडे तेथें उतरत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा यानें तें जाळलें, यावरूनच त्याचें महत्त्व ध्यानांत येतें.

गाडीरस्ता नव्हता त्या काळीं बंदरचा माल बैलांच्या पाठीवरून सह्याद्रि चढे. इंग्रजी अमदानींत कुंभार्लीचा घाट गाड्यांस मोकळा झाला आणि चिपळूण हें देशावरील व्यापाराचें कोंकणांतील ठाणें बनलें. गलबतें भरतीबरोबर खाडीनें गोवळकोटास येत. मीठ, नारळ व सुकी मासळी वर जाई. गूळ, मिरची व कापूस खालीं येई. या गाड्या हांकणाऱ्यास कोणी शिकविलें? बापानें. उतारावर भरल्या गाडीचा भार बैलांच्या मानेवर येऊं लागला म्हणजे चाक कसें अडवावें, बैलांस कोठें दम घेऊं द्यावा, हें मुलगा गाडीच्या मागून चालतां चालतां शिके. गलबतावरील पोऱ्याही तांडेलाच्या हाताखालीं असाच तयार होई.

पुढें बैलांच्या जागीं इंजिन आलें; पण शिकण्याची रीत बदलली नाहीं. बापाच्या जागीं ‘उस्ताद’ आला, इतकेंच. मालमोटारीवर मुलगा प्रथम क्लीनर म्हणून राहतो. गाडी पुसणें, ताडपत्री ओढून रस्सा बांधणें, लोखंडी कांबीनें टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणें, मागच्या जोडचाकांत अडकलेला दगड काढणें, आणि चढावर गाडी थांबली कीं उडी मारून चाकाखालीं दगड लावणें, ही त्याची पहिली इयत्ता. गाडी हातीं येते ती फार उशिरां; तीही बहुधा रात्रीं, रिकामी व सपाट रस्त्यावर.

घाटाची विद्या याहून निराळी. ज्या गिअरांत चढ चढावयाचा त्याच गिअरांत तो उतरावा, हा तिचा पहिला नियम. जो केवळ ब्रेकवर भरंवसा ठेवतो त्याचे ब्रेक तापतात आणि नेमके अडचणीच्या वळणावर धरीनासे होतात. चढणाऱ्या गाडीस उतरणाऱ्यानें वाट द्यावी, हा दुसरा नियम. पावसाळ्यांत कुंभार्लीवर धुकें उतरलें म्हणजे डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक विसंबावें लागतें. पोफळीचें भूमिगत वीजगृह याच घाटाच्या पायथ्याशीं झालें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत अंजनवेलीस वीजप्रकल्प उभा राहिला. अशा कामांचें लोखंड व सिमेंट ज्यांनीं वाहिलें, त्यांची विद्या हीच होती.

या काळांत सरकारनें काय केलें? १९१४ च्या कायद्यानें मोटार हांकणाऱ्यास परवाना आवश्यक ठरविला. १९३९ च्या कायद्यानें मालमोटार हांकण्यास २० वर्षांचें वय घातलें. दिवसास ९ व आठवड्यास ५४ तासांची मर्यादा, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाचा विसांवा सांगितला. १९६१ सालीं ही मर्यादा ८ व ४८ तासांवर आली. पण तो कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासच लागू होता. एकाच गाडीच्या मालकाकडील माणूस त्याबाहेर राहिला. त्यालाही हे तास १९८८ च्या कायद्यानें लागू केले. पुढें नियमांनीं आठव्या इयत्तेची अट घातली. ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली.

नियम चांगलेच होते. तथापि त्यांत एक गोष्ट राहून गेली. परीक्षा सरकारनें घेतली. शिक्षण मात्र उस्तादावरच सोंपविलें, आणि त्या शिक्षणाचा खर्च क्लीनर पोरानें आपल्या उमेदीच्या वर्षांनीं भरला.

गुहागरच्या एका वृद्ध चालकाशीं आमचा परिचय होता. गांव त्यांना अण्णा म्हणे. एकदां ते म्हणाले, “सर, पहिलीं तीन वर्षं उस्तादानं मला स्टिअरिंगला हात लावूं दिला नाहीं. दोन वेळचं जेवण आणि वर चहापाणी, एवढाच पगार. पण घाट शिकलों तो त्यांच्याच शेजारीं बसून.” मुलाला शिकविलेंत का, असें आम्हीं विचारलें. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाहीं. त्याला शेजारीं बसवला नाहीं. बसवला असता तर तो शिकला असता.”

१९९९ च्या २६ जानेवारीस कोंकण रेल्वेनें भरलेल्या मालमोटारी उघड्या वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यांतील वेर्ण्यास नेण्यास आरंभ केला. चालक आपल्याच गाडींत बसून घाटवळणांवांचून मुक्कामीं पोंचूं लागला. ही सोय मोठी खरी. परंतु दुकानाच्या दारापर्यंत माल न्यावयाचा तर शेवटीं माणूसच लागतो.

आपल्या घरांत रोज येणारा गूळ, कांदा व मिरची कोणी तरी घाट उतरून आणलेली असते. ज्या विद्येवर ही सारी ने-आण अवलंबून आहे ती विद्या देणारा बाप आपल्याच मुलास ती देऊं इच्छीत नाहीं, ही गोष्ट एका अण्णांची नव्हे, आपणां सर्वांची आहे. मुलानें दुसरा धंदा धरला, यांत खेद करण्यासारखें कांहीं नाहीं. खेद याचा, कीं अण्णांना जें येत होतें तें लिहून घेणारी शाळा त्यांच्या उभ्या आयुष्यांत त्यांच्या दाराशीं आली नाहीं. घाटाची वळणें तींच आहेत. त्यांवरून पहिल्यानेंच उतरणाऱ्या पोराच्या शेजारीं कोणी तरी जाणता बसलेला असावा, एवढी तजवीज करणें हें आतां समाजाचें काम आहे.