वर्धेकाठचा बल्लारशहाचा किल्ला



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकात कोणी वारीबद्दल लिहील, कोणी जुन्या विणेकऱ्यांबद्दल लिहील. आम्हाला मंडळींनी सांगितलं, महाराज, आपल्या मुलखाचा इतिहास तुम्ही लिहा. मुलखाचा सगळा इतिहास लिहायला अख्खा चातुर्मास पुरणार नाही. म्हणून आम्ही एकच ठिकाण धरलं, बल्लारपूरचा किल्ला. कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या अंकात किल्ल्याचं काय काम? काम आहे, ते पुढं येते.

हा किल्ला वर्धा नदीच्या ऐन काठावर आहे. पूर्वेच्या अंगाला गाव, पश्चिमेला खाली नदी. चौकोनी तट, कोपऱ्यावर बुरूज. दोन मोठे दरवाजे आहेत, ते समोरासमोर नाहीत, काटकोनात आहेत. एकातून शिरला तर वळूनच दुसऱ्याकडं जावं लागते. जोरानं धावत आलेला हत्ती असो का घोडा असो, वळणावर त्याचा जोर मोडलाच पाहिजे. नदीकडं एक लहान दरवाजा आहे. आत वाडा होता, आता त्याच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. तटाच्या सांदीत वडापिंपळाची मुळं शिरली आहेत.

किल्ला बांधला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहानं. त्याचा काळ साधारण सन 1470 च्या पुढची पंचवीस वर्षं धरतात. आता सन सांगितला का आपल्या वारकऱ्याच्या डोक्यात काही बसत नाही, म्हणून आम्ही संतांच्या हिशेबानं सांगतो. ज्ञानोबारायांनी 1296 ला समाधी घेतली. नामदेवराय 1350 ला गेले. त्यांच्यानंतर शंभरावर वर्षांनी हा राजा झाला. पैठणचे भानुदास महाराज, नाथबाबांचे पणजोबा, त्याच काळातले. म्हणजे पैठणला भानुदासांच्या घरी विठ्ठलाचं भजन चाललं होतं, तेव्हा इकडं वर्धेच्या काठावर दगडावर दगड चढत होता. नाथबाबांचा जन्म व्हायचा होता आणि तुकोबाराय तर फारच पुढचे.

या राजाची राजधानी आधी सिरपूरला होती, ते गाव आता तेलंगणात आहे. राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, म्हणून त्याला खांडक्या म्हणत. वैद्य झाले, औषधं झाली, गुण नाही. मंग राणीनं सल्ला दिला का ही जागा सोडा, नदी ओलांडून उत्तरेला चला. राजानं ऐकलं आणि बल्लारपूर वसलं. राजाच्या नावावरून गावाचं नाव पडलं.

पुढची कथा आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. राजा शिकारीला गेला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खड्ड्यात पाणी दिसलं. ते प्याला, हातपाय तोंड धुतलं. त्या रात्री राजाला किती वर्षांनी गाढ झोप लागली. सकाळी राणी पाहते तर जिथं जिथं पाणी लागलं तिथल्या गाठी बसल्या. मंग दोघं परत त्या जागी गेले. गवत काढलं तर खडकात गाईच्या खुरासारखे पाच ठसे आणि त्यात न आटणारं पाणी. तिथं अचलेश्वराचं देऊळ झालं. त्याच भागात एका सशानं राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं तट घाला, असं राणी बोलली, आणि चांदा शहर झालं.

आम्ही कीर्तनात ही कथा लावतो तेव्हा लोक सशावर हसतात. पण त्यात पाहण्यासारखी आहे ती राणी. सिरपूर सोडा म्हणाली ती, गाठी बसल्या हे पाहिलं तिनं, शहर बांधा म्हणालीही तीच. पुढं याच घराण्यात राणी हिराई झाली. नवरा बीरशहा गेल्यावर अल्पवयीन रामशहाच्या नावानं तिनं कारभार पाहिला आणि नवऱ्याची समाधी बांधली, ती चंद्रपुरात आजही पाहायला मिळते.

चांद्याचा तट पुरा व्हायला राजांच्या पिढ्या लागल्या. घेर सात मैलांचा, दरवाजे चार, खिडक्या पाच. राजधानी तिकडं गेली आणि बल्लारपूर मागं पडलं.

आता आपलं काम. या घराण्यातल्या हीरशहा राजाबद्दल सांगतात का त्यानं हुकूम काढला, जो जंगल तोडून शेत काढील त्याला ते शेत, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन. अशा जमिनीला तुकूम म्हणत. आपल्या भागात गावांच्या नावामागं तुकूम लागते, ते इथून आलं. आपला आसोलामेंढा तलाव इंग्रजांच्या काळातला, त्याचं श्रेय गोंड राजाला देऊ नका. पण गावोगावचे जुने तलाव, बोड्या, यांची रीत त्या राजांनी घातली. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात रोवणी, आणि पावसानं दगा दिला तर बोडीचं पाणी बांधीत घ्यायचं. धानाच्या मुलखात वारीला जायचं म्हणजे रोवणीच्या दिवसांत घर सोडायचं. मागं पाण्याचा भरवसा असला तरच माणसाचा पाय निघते. आपल्या म्हाताऱ्यांचे पाय शंभर वर्षं निघाले, त्याला विठ्ठलाची ओढ होती आणि मागं भरलेली बोडीही होती.

या राज्याचा शेवट त्याच किल्ल्यात झाला. नीलकंठशहा हा शेवटचा राजा. नागपूरच्या रघूजी भोसल्यानं 1751 ला चांदा घेतलं आणि नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. ज्या पूर्वजानं रोग बरा व्हावा म्हणून ही जागा धरली, त्याचा वंशज तिथंच बंदिवान झाला आणि तिथंच मेला. खाली वर्धेचं पाणी वाहत होतं, पण उतरायची सोय नव्हती. त्यानंतर 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याच्या तटाला खिंडार पाडलं आणि 1853 ला भोसल्यांचं राज्यही खालसा झालं. वर्धेच्या पलीकडं राजुऱ्याकडं निजामाची हद्द होती, ती 1948 पर्यंत.

काही जण म्हणतात, ते राजे गोंडांचे, आपला त्यांच्याशी काय संबंध. आम्हाला हे पटत नाही. गोंड भाऊ आपल्या दिंडीत टाळ घेऊन चालतात, तेव्हा आपण त्यांना माउलीच म्हणतो. मंग त्यांच्या आजोबाचा किल्ला पडत असताना तो परका कसा होते? आणि दुसरी गोष्ट, धनाच्या आशेनं जुन्या भिंतीखाली खणणारे लोक असतात. राजाचं धन बोडीत आहे, बांधीत आहे, ते आपण दरसाल कापून आणतो. भिंतीखाली खणून दगड तेवढा ढिला होते. तटावर खडूनं, कोळशानं नावं लिहिणाऱ्या पोरांनाही घरच्यांनी समज द्यावी.

ज्यांना पाहायचं आहे त्यांनी सावलीहून मूल, चंद्रपूर करत बल्लारपूरला जावं. पावसाळ्यात गवत माजते, जनावराचं भय असते, म्हणून दिवाळीनंतर जावं, सकाळी जावं. नदीकडच्या लहान दरवाजाजवळ उभं राहिलं का वर्धा दिसते. ती पुढं जाऊन आपल्या वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, म्हणजे पैठणवरून आलेल्या पाण्यात.