काचबिंदू, तीव्र कोनसंवृत : जैवनिर्देशक व उपचारफल

पारपटल आणि परितारिका यांच्या सांध्यातील ज्या कोनातून डोळ्यातील जलीय द्रव बाहेर झिरपतो, तो कोन परितारिकेच्या कडेने एकाएकी झाकला जाऊन नेत्रदाब काही तासांत भयंकर चढणे, हे या व्याधीचे स्वरूप होय. निरोगी डोळ्यात हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. झटक्यात तो ४० च्या वर, क्वचित ७० पर्यंतही जातो. रोमक पिंडात दर मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर द्रव उत्पन्न होतो, तो नेत्रभिंग व परितारिका यांच्यामधील अरुंद फटीतून बाहुलीवाटे अग्रकोष्ठात येतो आणि कोनातील जाळीतून अखेर रक्तप्रवाहाला मिळतो. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या वाचकाने मलिक अंबरच्या नहरीचे अवशेष पाहिले असतील, त्याला पुढील भाग समजण्यास अडचण पडू नये : नहरीचे पुढचे तोंड बुजले म्हणून डोंगराकडून येणारे पाणी थांबत नाही, ते मागे तुंबते आणि जेथे भिंत दुबळी तेथे रेटा देते. डोळ्यातील ती दुबळी भिंत म्हणजे परितारिका. बाहुलीपाशी वाट अडली की मागे साचलेल्या द्रवाच्या रेट्याने ती पुढे फुगते आणि होता नव्हता तो कोनही मिटवून टाकते.

या आपत्तीची पात्रता डोळ्याच्या घडणीतच असते. नेत्रगोल आखूड, दृष्टीला अधिक (+) क्रमांकाचा चष्मा, आणि वयोमानाने जाड होत पुढे सरकलेले नेत्रभिंग, अशा डोळ्यात अग्रकोष्ठाची खोली, जी सामान्यतः ३ मिलिमीटरांच्या आसपास असते, ती अडीचच्याही खाली उतरलेली आढळते; पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत हे विशेष दिसते. अशा डोळ्याची बाहुली अर्धवट विस्फारली की निमित्त पुरते, मग ते तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडाचे असो, शोकाचे वा भयाचे असो, अथवा पडशावरच्या किंवा पोटातील मुरड्यावरच्या एखाद्या गोळीचे असो. बांधावरच्या धोत्र्यातही बाहुली विस्फारणारे द्रव्य असते, हे शेतात राबणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

झटका आला की डोळा लालभडक होतो, पारपटल धुरकटते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी कडी दिसतात, आणि डोळ्यापेक्षाही अर्धे डोके ठणकते व पोटात ढवळून ओकाऱ्या होतात. फसगत होते ती या ओकाऱ्यांमुळे. घरात त्याला पित्त म्हणतात, शेजारीण अर्धशिशी म्हणते, आणि लाली पाहून कोणी डोळे आले म्हणून दुकानातून थेंब आणून घालतो; यात एक रात्र जाते, कधी तीनही जातात.

१९५६ साली स्थापन झालेले छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, ज्याला सारा मुलूख ‘घाटी’ या नावाने ओळखतो, ते मराठवाड्याचेच नव्हे तर बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगर या शेजारच्या जिल्ह्यांतील गरिबांचेही आश्रयस्थान आहे. तालुक्याच्या दवाखान्यातून येथवरचा प्रवास हा या व्याधीच्या परिणामात मोजण्याजोगा घटक ठरतो. वास्तविक संशय घेण्यास मोठ्या यंत्राची गरज नाही. मिटलेल्या पापणीवरून दोन तर्जन्यांनी आळीपाळीने हलके दाबून पाहिले असता दुखरा डोळा दुसऱ्याच्या मानाने स्पष्ट कठीण लागतो. आणि बॅटरीचा झोत कानशिलाच्या बाजूने परितारिकेला समांतर टाकला असता, कोष्ठ उथळ असेल तर नाकाकडची अर्धी परितारिका सावलीत बुडते. निश्चिती मात्र गोनिऑस्कोपीनेच करावी लागते. कोन प्रत्यक्ष पाहण्याच्या या पद्धतीच्या बळावर ओटो बार्कन याने १९३८ मध्ये काचबिंदूचे उघड्या व मिटलेल्या कोनाचे असे दोन वर्ग पाडले.

जैवनिर्देशकांचा शोध गेल्या दोन दशकांत जोमाने चालला आहे. तीव्र झटक्यातील डोळ्यांच्या जलीय द्रवात इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारा घटक यांचे प्रमाण वाढलेले आढळते. यावरून ही घटना केवळ नळ तुंबल्याची नसून तीत दाहाचाही भाग आहे, असे दिसते. दाब उतरल्यावरही डोळा काही दिवस लाल व हळवा का राहतो, आणि स्टिरॉइडचे थेंब का द्यावे लागतात, याचा उलगडा त्यातून होतो. रक्तातील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पेशींचे गुणोत्तर अशा रुग्णांत चढलेले असल्याचेही नोंदले गेले आहे. ही चाचणी स्वस्त असून जिल्हा रुग्णालयातही होते, त्यामुळे तिच्याविषयी उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. परंतु असह्य वेदना, ओकाऱ्या व शरीराला आलेला शोष हेही त्या पेशी वाढवतात. म्हणून हा निर्देशक कारणाचा की परिणामाचा, हा प्रश्न उरतोच, आणि आज तरी त्यावर उपचाराचा निर्णय टांगणे उचित नव्हे. आनुवंशिकतेच्या बाजूने २०१२ साली पीएलईकेएचए-७ आणि सीओएल-११-ए-१ या जनुकांशी, तसेच आठव्या गुणसूत्रावरील एका स्थानाशी या रोगाचा संबंध दाखवण्यात आला; एकेका व्यक्तीचे भविष्य सांगण्यास तो अपुरा आहे.

त्यामानाने डोळ्यानेच मागे ठेवलेल्या खुणा अधिक विश्वासार्ह होत. नेत्रभिंगाच्या पुढील आवरणाखाली उमटलेले दुधी ठिपके, परितारिकेचा पिळवटून विरळ झालेला तुकडा, आणि पुन्हा गोल न होणारी बाहुली यांवरून पूर्वी झटका येऊन गेल्याचे अनुभवी वैद्य रुग्णाने काही सांगण्यापूर्वीच ओळखतो. दृष्टितंत्रिकेच्या तंतूंचा थर झटक्यानंतर प्रथम सुजून जाड भासतो आणि पुढील आठवड्यांत व महिन्यांत पातळ होत जातो. सबब पहिल्या दिवसांतील चित्रावरून तंत्रिका शाबूत असल्याचा दाखला देऊ नये.

सर्वांत बलवान निर्देशक तूर्त काळ हाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अधिमंथ नामक नेत्ररोग वर्णिला असून, अर्धे डोके घुसळल्यासारखे दुखणे हे त्याचे लक्षण सांगितले आहे. अयोग्य उपचार झाल्यास कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा, रक्तज पाच रात्रींत आणि पित्तज तत्काळ दृष्टी घालवतो, असे तेथे म्हटले आहे. तो आणि हा रोग तंतोतंत एकच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तथापि अधिमंथाचा जुना विचारही रात्रींच्या हिशेबाने झाला होता, हे लक्षणीय आहे. झटका जितका लांबतो तितके कोनातील चिकटे पसरतात, पारपटलाच्या आतील पेशी अधिक मरतात आणि पुढे औषधावर दाब आवरणे दुर्घट होते.

उपचाराचा पहिला टप्पा दाब उतरवण्याचा : अॅसिटाझोलामाइड, टिमोलॉलचे थेंब, ओकाऱ्या होत असल्यास शिरेतून मॅनिटॉल, आणि दाब काहीसा उतरल्यावर पायलोकार्पिन, कारण अतिदाबाने लुळा झालेला बाहुलीचा स्नायू त्यापूर्वी दाद देत नाही. दुसरा टप्पा वाट मोकळी करण्याचा. अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने १८५७ मध्ये परितारिकेचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि तोवर असाध्य मानलेल्या व्याधीला प्रथमच उतारा मिळाला. आज तेच काम लेझरने काही मिनिटांत होते. परंतु छिद्र पाडले म्हणजे प्रकरण दाखल-दफ्तर झाले, हा समज घातक आहे. सिंगापूर येथे झटका येऊन गेलेल्या डोळ्यांची चार ते दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के डोळे अंध झालेले आणि जवळजवळ निम्म्यांच्या दृष्टितंत्रिकेला इजा पोहोचलेली आढळली. हाँगकाँगच्या २००८ सालच्या प्रयोगात, झटका शमल्यावर ज्यांना केवळ लेझर दिले त्यांपैकी ४६.७ टक्के डोळ्यांत दीड वर्षात दाब पुन्हा चढला. ज्यांचे नेत्रभिंग लवकर काढून कृत्रिम भिंग बसवले त्यांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या आपल्या शल्यवैद्यांना हा मार्ग परका नाही. मात्र सुजलेल्या, उथळ डोळ्यात ती शस्त्रक्रिया शिबिरातील नित्याच्या शस्त्रक्रियेइतकी सुकर नसते.

दुसऱ्या डोळ्याची घडण बहुधा तशीच असते, आणि उपचार न केल्यास सुमारे निम्म्या रुग्णांत पाच वर्षांच्या आत त्यालाही झटका येतो. ग्वांगझू येथील ८८९ व्यक्तींवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ संशयित कोन असलेल्यांना सरसकट लेझर देण्याचा लाभ अल्प दिसला. पण तो निष्कर्ष झटका आलेल्या रुग्णाच्या या दुसऱ्या डोळ्याला लावता येत नाही. त्याला छिद्र पाडणे आवश्यकच असून, ते रुग्ण रुग्णालयात असतानाच उरकावे, कारण न दुखणाऱ्या डोळ्यासाठी किनवट किंवा आष्टीहून एसटीचे भाडे खर्चून माणूस सहसा परत येत नाही.