एक वेबसाइट, अनेक पत्ते : डोमेन एलियस कसे लावावे?

संस्था, वाचनालय किंवा विद्यार्थी संघटना काही वर्षे टिकली की तिच्या वेबसाइटला एकापेक्षा जास्त नावे होतात. जुन्या पुस्तिकेवर डॉट ऑर्गचा पत्ता छापलेला असतो, नव्या पत्रकावर डॉट इनचा. २०१४ पासून डॉट भारत देवनागरीत मिळू लागल्यावर काहींनी मराठी नावही घेतले. ही सगळी नावे एकाच वेबसाइटवर नेण्याच्या सोयीला डोमेन एलियस म्हणतात. काही होस्टिंगवाल्यांकडे याचेच नाव ‘पार्क्ड डोमेन’ असे आहे.

छापलेला पत्ता पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून नियम एकच लक्षात ठेवायचा : मुख्य नाव एक, बाकीची नावे तिकडे वळवलेली, आणि जुने नाव कधीही सोडायचे नाही.

मुख्य नाव का ठरवायचे?

तिन्ही नावांवर तीच वेबसाइट नुसती उघडत ठेवली, तर सर्च इंजिनला एकाच मजकुराच्या तीन प्रती दिसतात. लोकांनी दिलेल्या लिंक तिघांत विभागल्या जातात. एका नावावर केलेले लॉगिन दुसऱ्या नावावर चालत नाही. म्हणून कार्यकारिणीच्या बैठकीत मुख्य नाव ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.

पाच टप्पे

१. डीएनएस : एलियसच्या नावाची ए नोंद आपल्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे करा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या नावासाठी सीनेम नोंद चालते. त्याशिवायच्या मूळ नावावर मात्र डीएनएसच्या नियमांनुसार सीनेम ठेवता येत नाही, तिथे ए नोंदच करावी. डीएनएस बदल सगळीकडे पोचायला काही तास लागू शकतात, म्हणून जयंतीच्या किंवा मोठ्या कार्यक्रमाच्या तोंडावर हे काम काढू नका.

२. होस्टिंग : डीएनएसने पाहुणा दारापर्यंत येतो, पण सर्व्हरला ते नाव ओळखीचे नसेल तर भलतेच पान उघडते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘डोमेन्स’ किंवा ‘एलियस’ या भागात नाव जोडा आणि मुख्य वेबसाइटचेच फोल्डर द्या.

३. प्रमाणपत्र : कुलपाचे चिन्ह दाखवणारे एसएसएल प्रमाणपत्र प्रत्येक नावासाठी लागते. लेट्स एन्क्रिप्टच्या मोफत प्रमाणपत्रात अनेक नावे एकत्र घालता येतात. ‘आपण हे नाव वळवणारच आहोत, मग प्रमाणपत्र कशाला?’ असे वाटते. पण ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो, मग वळतो. ते नसेल तर वाचकाला धोक्याची सूचना दिसते आणि तो तिथूनच परत फिरतो.

४. सीएमएस : वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ पानावर वर्डप्रेसचा पत्ता आणि साइटचा पत्ता अशा दोन चौकटी असतात. दोन्हींत मुख्य नावच हवे, एलियस तिथे लिहू नये. चुकीचे नाव गेले तर डॅशबोर्डच उघडत नाही. अशा वेळी कॉन्फिग फाइलमध्ये दोन्ही पत्ते लिहून मार्ग मोकळा करता येतो. द्रुपलच्या आठव्या आवृत्तीपासून सेटिंग्ज फाइलमध्ये विश्वासू नावांची यादी देण्याची सोय आहे. ती यादी दिली असेल आणि तिच्यात एलियस नसेल, तर द्रुपल ती विनंती नाकारते. एका द्रुपलवर अनेक साइट चालवणाऱ्यांसाठी ‘डोमेन’ मॉड्यूलसोबत ‘डोमेन एलियस’ मिळते. त्यात प्रत्येक साइटची पर्यायी नावे आणि ती कुठे वळवायची ते भरता येते.

५. वळवणे : कायमचे वळवण्यासाठी ३०१ क्रमांकाचा रीडायरेक्ट वापरा. ३०२ हा तात्पुरत्या कामासाठी आहे. जुन्या नावावरचा लेख नव्या नावावरच्या त्याच लेखावर गेला पाहिजे. सगळ्यांना मुखपृष्ठावर आणून सोडले, तर ज्याला दहा वर्षांपूर्वीचा लेख हवा होता त्याला तो सापडत नाही.

मुख्य नावच बदलायचे असेल तर

आधी पूर्ण बॅकअप घ्या. जुन्या लेखांतील चित्रे आणि लिंक डेटाबेसमध्ये जुन्याच नावाने असतात. त्या बदलण्यासाठी वर्डप्रेसचे शोध-बदल साधन वापरा. डेटाबेसमध्ये थेट हात घातला तर काही सेटिंग मोडतात. ईमेलही तपासा. वेबसाइटचे एलियस लावल्याने मेल आपोआप येत नाही, त्यासाठी एमएक्स नोंदी वेगळ्या कराव्या लागतात.

मराठी नाव

देवनागरी नाव डीएनएसमध्ये रोमन अक्षरांत साठवले जाते. त्याची सुरुवात ‘एक्स-एन’ आणि दोन आडव्या रेघांनी होते. होस्टिंग पॅनेल देवनागरी स्वीकारत नसेल तर हे रूप भरा. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने नाव वेगळे होते, म्हणून छापण्याआधी स्वतः टाइप करून पाहा.

नाव कोणाच्या ताब्यात?

तांत्रिक काम एका दुपारचे आहे. खरा धोका पुढे असतो. उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो, नंतर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातो, आणि नूतनीकरणाची सूचना कोणीच वाचत नाही. डॉट ऑर्गसारखे नाव रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवता येते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. मग संस्थेच्या जुन्या पुस्तिकेवरचा पत्ता जुगाराच्या जाहिरातीवरही उघडू शकतो.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने करा. ईमेल संस्थेचा ठेवा, पण तो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडले तर सूचनाही बंद. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. सगळ्या नावांच्या मुदतीची तारीख हिशेबाच्या वहीत लिहा आणि वार्षिक सभेत वाचून दाखवा.